स्विफ्ट-व्हिस्टाचा जुना टर्बो: खोलायचा कसा, धुवायचा कसा

टर्बो म्हणजे एकाच शाफ्टवरची दोन चाकं: एक एक्झॉस्टच्या जोरावर फिरतं, दुसरं (कॉम्प्रेसर) इंजिनात हवा दाबतं. कोल्हापुरात माझ्या गॅरेजात येणारे बहुतेक टर्बो एकाच इंजिनाचे असतात. फियाटचं 1.3 लिटर डिझेल, 1248 सीसी. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या पोटात तेच. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या, पण टुरिस्टच्या डिझायर अजून रोज घाट चढतायत. नव्या टर्बोची किंमत ऐकली की मालक भंगारवाल्याकडून जुना टर्बो आणतो आणि म्हणतो, "मिस्त्री, एवढा धुऊन बसवा." बसवतो, पण आधी पूर्ण खोलून बघतो. हे काम कसं करायचं ते इथे लिहितोय, माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना सांगतो तसंच.

आधी टर्बो कुठला ते ओळखा. या इंजिनाच्या 75 पीएस ताकदीच्या गाड्यांना लहान, साधा टर्बो असतो, त्याला वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट चाकाला वळसा घालून सोडणारं झाकण. 90 पीएसच्या गाड्यांना, म्हणजे एर्टिगा, मान्झा वगैरे, व्हीजीटी (व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो) असतो. त्यात एक्झॉस्टच्या चाकाभोवती हलणाऱ्या पट्ट्यांची रिंग असते. खालचं सगळं साध्या टर्बोचं आहे. व्हीजीटीचं वेगळं तिथे सांगेन.

गाडीवरून काढताना घाई करू नका, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. एक्झॉस्टच्या बाजूच्या नटांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाड्यांचे स्टड खाऱ्या हवेने एवढे गंजलेले असतात की जोर लावला की तुटलाच. नट थोडा सैल करायचा, परत थोडा आवळायचा, पुन्हा सैल करायचा. आटे साफ होत जातात. पाइप सुटले की सगळी तोंडं लगेच बंद करा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात. प्लास्टिकची टोपणं किंवा जाड टेप लावा. आणि टर्बो कधीही ॲक्च्युएटरच्या (वेस्टगेट हलवणाऱ्या डबीच्या) दांडीला धरून उचलू नका.

टेबलावर घेतला की धुण्याआधी तो वाचायचा. धुतलात की पुरावा गेला. हवेच्या बाजूने आत बोट फिरवा. ऑइलचा पातळ थर असणं नॉर्मल आहे, इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपमधून) थोडी वाफ येतेच. ऑइल साचलेलं असेल तर गोष्ट वेगळी. कॉम्प्रेसरच्या पात्यांची टोकं कुरतडल्यासारखी दिसली तर एअर फिल्टर फाटलेला होता किंवा आत काहीतरी शिरलं होतं. एक्झॉस्टच्या चाकाची टोकं तुटलेली असतील तर तुकडा इंजिनातूनच आलाय, ग्लो प्लगचं टोक किंवा व्हॉल्व्हचा तुकडा, आणि दुसरा टर्बो बसवण्याआधी हेड उघडावं लागेल. पाती घरावर घासल्याची चकाकती रेघ दिसली तर बेअरिंग संपलंय.

आता प्ले, म्हणजे शाफ्ट किती हलतो ते. शाफ्ट दोन बोटांत धरा आणि आडवा हलवा. थोडा हलणारच, कारण बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं आणि थर आत्ता नाहीये. हलवताना पातं घराला टेकलं नाही पाहिजे. मग आत-बाहेर ढकला. इथे बोटाला हालचाल जवळजवळ जाणवताच कामा नये. टकटक असं स्पष्ट जाणवलं की ही हालचाल रोखणारं थ्रस्ट बेअरिंग गेलंय आणि तो टर्बो धुऊन उपयोग नाही. डायल गेज असेल तर लावाच. आत-बाहेरचा प्ले साधारण 0.1 मिलिमीटरच्या पुढे गेलेला टर्बो मी बसवत नाही.

खोलण्याआधी खुणा. कॉम्प्रेसरचं घर, मधला कोअर (शाफ्ट आणि बेअरिंगचा भाग) आणि एक्झॉस्टचं घर, तिघांवरून एक सरळ रेघ पंचने मारा. पेनाची खूण डिझेलमध्ये धुऊन जाते. फोटोही काढा. ॲक्च्युएटरच्या दांडीवरच्या ॲडजस्टिंग नटाला हात लावू नका. दांडी आर्मपासून क्लिप काढून सोडवा, लांबी आहे तशीच राहू दे. ती बदलली की बूस्ट (हवेचा दाब) बदलतो, आणि मग गाडी एकतर पिकअप घेत नाही किंवा लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःच ताकद कमी करते.

आधी कॉम्प्रेसरची बाजू. काही टर्बोंना बोल्ट असतात, काहींना मोठी सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी रिंग. सर्क्लिपवर फडकं टाकूनच चिमटा लावा, ती उडाली की डोळ्यावर येते. तिची उतरती बाजू कुठे तोंड करून होती ते बघून ठेवा. मग लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके देत घर सरळ वर काढायचं. तिरकं झालं की थांबा. ॲल्युमिनिअमची पाती इतकी पातळ असतात की घराची कड लागली तरी वाकतात, आणि वाकलेलं पातं सरळ करून चालत नाही. आत ओ-रिंग असेल ती बदलायची.

एक्झॉस्टच्या बाजूला खरा वेळ जातो. बिडाचं घर वर्षानुवर्षं लाल होऊन कोअरला चिकटलेलं असतं. बोल्ट सुटले तरी घर हलत नाही. पुन्हा ऑइल मारा, रात्रभर ठेवा. मग ब्लो टॉर्चने घर बाहेरून गोल फिरवत गरम करा, ज्योत कोअरवर येऊ देऊ नका, आणि पितळी हातोडीने गोलाकार ठोकत जा. गरम बिडावर पाणी टाकू नका, तडा जातो. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटण्याचा मोह होतो. तो मागे चाकाच्या पात्याला टेकतो हे दिसत नाही. सुटायला अर्धा दिवस लागला तरी लागू द्या.

आता धुणं. कॉस्टिक सोडा बाजूला ठेवा. बिडाचा सिलेंडर ब्लॉक धुवायला तो चालतो, ॲल्युमिनिअमला तो खातो. कॉम्प्रेसरचं घर डिझेलमध्ये किंवा कार्ब क्लीनरने, जुन्या टूथब्रशने. एक्झॉस्टचं घर रिकामं असताना तारेचा ब्रश, सँडब्लास्टसुद्धा चालेल, पण नंतर वाळूचा एकेक कण धुऊन हवा मारून काढा. वेस्टगेटच्या झाकणाखालची बैठक खरडून साफ करा आणि तडे शोधा. बैठकीजवळ केसासारखे तडे बऱ्याचदा सापडतात. तडा बाहेरच्या भिंतीपर्यंत किंवा फ्लँजपर्यंत गेला असेल तर घर भंगारात. झाकणाचा आर्म बुशमध्ये डुगडुगतो का तेही बघा. व्हीजीटी असेल तर पट्ट्यांच्या रिंगमध्ये काजळी भरून ती जाम झालेली असते. रिंग कार्बन क्लीनरमध्ये भिजवा, प्रत्येक पट्टी हाताने हलते का पाहा, आणि स्टॉप स्क्रूला अजिबात हात लावू नका.

कोअरची दोन्ही चाकं भिजवून मऊ ब्रशने. पटाशी नाही, पॉलिश पेपर नाही, सँडब्लास्ट तर नाहीच. हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतो. एका पात्यावरून कणभर धातू गेला किंवा एकाच बाजूला कार्बन राहिला तरी तोल जातो. ऑइलच्या इनलेटमधून क्लीनर सोडा, हाताने शाफ्ट फिरवा, खालून काळं पाणी निघेल. ते स्वच्छ येईपर्यंत करा. हवा मारताना चाक बोटाने धरूनच. हवेने भर्रकन फिरवून आवाज ऐकायची सवय आमच्या धंद्यात फार आहे आणि मला तिचा खरोखर राग येतो. कोरड्या बेअरिंगवर तेवढ्यात ओरखडे पडतात.

कोअर आणखी खोलावा का? गाडीला लावायचा असेल आणि बॅलन्सिंग मशीन हाताशी नसेल तर नाही. मेलेल्या टर्बोवर जरूर शिका. नट, चाक आणि शाफ्टच्या टोकावर एकाच रेषेत खूण करा. एक्झॉस्टच्या टोकाचा नटासारखा भाग सॉकेटमध्ये धरा, पाती नाही. वरचा नट टी-पान्याने सोडवा म्हणजे शाफ्टवर आडवा जोर येत नाही. बऱ्याच टर्बोंना उलटे आटे असतात, सुटत नसेल तर दिशा तपासा. आत पितळी बुश, थ्रस्ट बेअरिंग आणि पिस्टन रिंगसारख्या बारीक सील रिंगा दिसतील. शाफ्ट निळा पडलेला असेल तर ऑइल पोचत नव्हतं. एक्झॉस्टच्या टोकाला कोळसा झालेलं ऑइल असेल तर ड्रायव्हर घाट चढून आला की लगेच चावी बंद करत होता.

जोडताना शाफ्टला कोरं इंजिन ऑइल, खुणा जुळवून घरं, बोल्ट समोरासमोर आवळत. शाफ्ट फिरवून पातं कुठे टेकत नाही याची खात्री करा. गाडीकडचे स्टड नवे घाला, त्यांना कॉपर ग्रीस लावा.

पण बसवण्याआधी गाडीचा आधीचा टर्बो का गेला ते सापडलंच पाहिजे. ऑइल फीड पाइप धुऊ नका, बदला. फोंडा घाटातून टोचन करून आणलेल्या एका व्हिस्टाचा बँजो बोल्ट (फीड पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) मी उजेडाकडे धरला तर भोकात सुई जेमतेम जाईल एवढी वाट उरली होती, बाकी सगळा कार्बन. दुसऱ्या एका डिझायरच्या ड्रेनच्या (ऑइल परत जाण्याच्या पाइपच्या) तोंडात लाल सिलिकॉनचा तुकडा अडकलेला निघाला. आधीच्या कुणीतरी गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावलं होतं. फीड आणि ड्रेनला नवी गॅस्केट आणि तांब्याचे नवे वॉशर, सिलिकॉन कधीच नाही. इंटरकूलरमधलं (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीतलं) साचलेलं ऑइल काढा, ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदला, ऑइल कंपनीच्या पुस्तकातल्या ग्रेडचंच.

फीड लावण्याआधी इनलेटमध्ये ऑइल ओता आणि चाक हाताने फिरवा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून थोडा थोडा वेळ सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग कनेक्टर लावून स्टार्ट करा, स्कॅनरने कोड पुसा आणि काही मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा, रेस नाही. सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल असतं, त्यामुळे सुरुवातीला निळा धूर येईल. एका चांगल्या फेरीनंतरही तो थांबला नाही, तर टर्बो परत उतरवू नका. आधी ड्रेन पाइप आणि ब्रीदर तपासा. तिथे ऑइल अडलं की ते सीलमधून बाहेर येतं, टर्बो कितीही चांगला असला तरी.