ऑर्केस्ट्रा आणि पार्श्वसंगीतासाठी सॉफ्टवेअर निवडताना

ठाणे, वाशी, नेरुळकडे घरच्या घरी एकांकिकेला किंवा शॉर्ट फिल्मला पार्श्वसंगीत करायचं ठरलं, की पहिला प्रश्न असतो: संगीत रचायचं, रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर (क्युबेस, लॉजिक, रीपर वगैरे) कुठलं घेऊ? सल्ले मिळतात ते सोबत येणाऱ्या प्लगइन्सची, म्हणजे वाद्यं आणि इफेक्ट देणाऱ्या जोड-प्रोग्रामची यादी बघून. ऑर्केस्ट्रासाठी ती यादी जवळपास बिनकामाची, कारण आवाज येणार सॅम्पल लायब्ररीतून, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या संचातून. सॉफ्टवेअर आर्टिक्युलेशन (स्वर वाजवण्याचा प्रकार) कसं सांभाळतं, टेम्पो चित्रावर कसा बसवतं आणि मशीनवर किती ताण आणतं, एवढंच बघायचं.

आधी आर्टिक्युलेशन. एकच व्हायोलिन सेक्शन लांब स्वर, स्पिकाटो (उसळत्या गजाचे तुटक स्वर), पिझिकाटो (बोटाने छेडलेले), ट्रेमोलो (थरथरते) असं सगळं वाजवतो. जुनी पद्धत की-स्विचची: कीबोर्डच्या तळाची एखादी पट्टी दाबली की प्रकार बदलतो. गोची अशी, की की-स्विच ३८व्या बारात (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) आहे आणि तुम्ही ४०व्या बारापासून प्ले केलं, तर तो वाजलेलाच नसतो. लांब स्वरांच्या जागी पिझिकाटो टणटणतं. शिवाय सगळे स्वर निवडून वरच्या किंवा खालच्या सुरात नेले की की-स्विचही सरकतात. क्युबेसमधले एक्स्प्रेशन मॅप आणि लॉजिक प्रोमधले आर्टिक्युलेशन सेट प्रकार थेट स्वरालाच जोडतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. रीपरमध्ये ही सोय आयती नाही. रीॲटिक्युलेट हे मोफत एक्स्टेन्शन बसवावं लागतं.

दुसरं, टेम्पो. समजा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आहे आणि दार आपटतं ३८ सेकंद १० फ्रेमवर, म्हणजे ३८.४ सेकंदांवर. दार आपटताना झांज वाजवायची आहे. टेम्पो ९६ बीपीएम (मिनिटाला ९६ मात्रा), चार मात्रांचा बार. झांज आहे १६व्या बाराच्या पहिल्या मात्रेवर, ती ६० मात्रांनंतर, म्हणजे ३७.५ सेकंदांवर येते. दार आपटायच्या जवळपास २२ फ्रेम आधीच झांज! टेम्पो ९३.७५ केला की ती अचूक दारावर पडते. हा हिशेब सॉफ्टवेअरनं करून द्यावा: मात्रा धरून टाइमकोडपाशी (चित्रातल्या नेमक्या वेळेपाशी) ओढली की टेम्पो आपोआप बदलला पाहिजे. क्युबेसमधलं टाइम वॉर्प हेच करतं. डिजिटल परफॉर्मर तर चित्रावर संगीत बसवणाऱ्यांचंच सॉफ्टवेअर, पण आपल्याकडे अडलं तर विचारायला माणूस सापडत नाही.

व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून घेऊ नका. तो दाबून लहान केलेला (कॉम्प्रेस्ड) असतो, आणि मोबाइलवर शूट केलेल्या फाइलचा फ्रेमरेट बऱ्याचदा बदलता असतो. मग सुरुवातीला जुळलेलं संगीत शेवटी घसरतं. एडिटरकडून ठरावीक फ्रेमरेटची, पडद्यावर टाइमकोड छापलेली हलकी फाइल मागा.

मशीनवर खर्च आधी, सॉफ्टवेअरवर नंतर. ३२ जीबी रॅम आणि लायब्ररीसाठी वेगळी एसएसडी. साध्या हार्ड डिस्कवरून सॅम्पल ओढले की स्वर तुटतात. वाजवताना बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचे सॅम्पल; कमी ठेवला तर उशीर कमी, पण मशीनवर ताण जास्त) १२८ किंवा २५६, मिक्सिंगला १०२४. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (आवाज आत-बाहेर नेणाऱ्या डबीचा) स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजातला उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हर हवाच. न लागणारे ट्रॅक रॅममधून उतरवता येतात का, तेही बघा: क्युबेसमध्ये ट्रॅक डिसेबल करता येतो, रीपरमध्ये एफएक्स (ट्रॅकवरचे प्लगइन) ऑफलाइन.

पैसे देण्यापूर्वी परीक्षा घ्या. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही मोफत, लहानशी लायब्ररी उतरवा. (हिचीच प्रो आवृत्ती सुमारे ६०० जीबी, १०० एमबीपीएसच्या लाइनवर तेरा-चौदा तास सहज.) दीड मिनिटाचा एकच प्रसंग प्रत्येक ट्रायलमध्ये करा: व्हायोलिनवर तीन आर्टिक्युलेशन, सीसी१ने (कीबोर्डच्या मॉड व्हीलने) डायनॅमिक्स, म्हणजे आवाजाचे चढउतार, एक टेम्पोबदल, दोन ठोके चित्रावर. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, लॉजिकचीही मोफत ट्रायल मिळते.

मॅक असेल तर लॉजिक, डोळे मिटून. विंडोजवर खिसा परवानगी देत असेल तर क्युबेस प्रो. नसेल तर रीपर, ज्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला आहे.

अंधेरीच्या मिक्सिंग स्टुडिओत प्रो टूल्स हे सॉफ्टवेअर असतं म्हणून तेच घ्यायची गरज नाही. तिथे प्रोजेक्ट नाही, स्टेम (वाद्यगटांच्या वेगळ्या ऑडिओ फाइल) जातात: स्ट्रिंग्ज, ब्रास, वुडविंड, तालवाद्यं वेगवेगळी, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह, सगळ्या फाइल एकाच टाइमकोडपासून सुरू. मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारा प्लगइन) काढूनच एक्स्पोर्ट करा, आणि रिव्हर्बची शेपटी (शेवटी रेंगाळणारी घुमण) कापली जात नाही ना, ते शेवटचे पाच सेकंद ऐकून बघा.