होलोकॉस्टवर मुलांचं नाटक बसवताना: छळ नको, हुकूम दाखवा

नागपुरातल्या एखाद्या शाळेत होलोकॉस्ट, म्हणजे हिटलरच्या नाझी जर्मनीने केलेला ज्यूंचा संहार, हा विषय नाटकातून घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, हिटलर कोण होणार? कोणीच नाही. मिशी लावून एखादा पोट्टा आला की शिट्ट्या पडतात आणि 'माणूस शिस्तीचा होता' हे कौतुकही मागोमाग येतं. गॅस चेंबर, छावणी, मुलांच्या छातीवर पिवळा तारा (ज्यू ओळखू यावेत म्हणून त्यांना सक्तीने लावायला लावलेला) हेही नको. सुमारे 60 लाख ज्यूंचं मरण दहा मिनिटांच्या अभिनयातून अनुभवता येत नाही. मुलं रडतात नाही तर हसतात. हे सगळं एकेका हुकुमाने, ओळखीच्या माणसांच्या हातून कसं घडलं, ते मात्र त्यांना नीट कळतं.

मुलं 13 वर्षांवरची, 20 ते 24 घ्या. दीड-दीड तासाची सहा सत्रं धरा आणि पालकांना विषय आधीच चिठ्ठीने कळवा.

पहिल्या सत्राला वीस फूट दोरी आणि कपड्यांचे चिमटे लागतील. 1933 ते 1945, दर वर्षाला दीड फूट. तारखांची कार्डं मुलांनीच लावायची. ज्यूंच्या सामूहिक हत्या 1941 च्या उन्हाळ्यात सुरू झाल्या. ते कार्ड बारा फुटांच्या पुढे लागतं. आधीच्या एवढ्या दोरीवर काय चाललं होतं, हा प्रश्न मग मुलंच विचारतात.

पुढची तीन सत्रं एका ज्यू घरातल्या खोलीची. टेबल, रेडिओ, सायकल, दप्तर, सिनेमाचं तिकीट, कुत्र्याचा पट्टा. एकाने हुकूम वाचायचा, दुसऱ्याने येऊन वस्तू उचलून न्यायची. नोव्हेंबर 1938: ज्यूंना नाटक-सिनेमा बंद, ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद. सप्टेंबर 1939: रेडिओ जमा करा. 1942: पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, सायकलीही द्या. घरातलं कुटुंब दाखवायचंच नाही, खोली रिकामी होताना दिसली की पुरे. खरी भूमिका उचलणाऱ्यांची: कारकून, पोलीस, मुख्याध्यापक, शेजारीण. वस्तू हातात असतानाच 'थांब' म्हणा आणि विचारा: तू कोण? हे तुला कोणी सांगितलं? नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मुलं इथे खलनायकी आवाज काढतात. तो मोडून काढा. कारकुनाने बिल भरून घेतल्यासारखं साध्या सुरात बोलावं, नाही तर प्रेक्षक 'आपण तसले नाही' म्हणून मोकळे होतात.

पाचव्या सत्रात रवींद्रनाथांचं 'डाकघर' घ्या. पोलंडमधल्या वॉर्सा घेटोतल्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) यानुश कोरचाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी 18 जुलै 1942 ला ते सादर केलं होतं. चारच दिवसांनी घेटोतून लोकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत धाडायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला कोरचाक सुमारे दोनशे मुलांसह तिकडे नेले गेले आणि कोणी परतलं नाही. आपल्या मुलांनी अमल (नाटकातला खिडकीशी बसलेला आजारी मुलगा) आणि दहीवाल्याचा प्रवेश हातात संहिता घेऊन वाचावा. लाकडी चौकटीची खिडकी एवढंच नेपथ्य. वरच्या तारखा निवेदकाने प्रवेश संपल्यावर, संगीताशिवाय सांगाव्यात. मागे व्हायोलिन लावायचा मोह प्रत्येकाला होतो. आवरा.

सहावं सत्र प्रयोगाचं. 27 जानेवारी हा होलोकॉस्ट स्मृतिदिन. आदल्याच दिवशी प्रजासत्ताक दिनाचा मंडप उभा असतो, पण मुलं दमलेली असतात, म्हणून प्रयोग 28-29 ला ठेवला तरी चालतो. नंतर वीस मिनिटं चर्चा ठेवाच. दीक्षाभूमीच्या शहरात 'आपल्याकडेही पाणवठे बंद होते' असं कोणीतरी म्हणणारच. थांबवू नका, पण कोणाचं दुःख मोठं याची तुलनाही होऊ देऊ नका. त्या विषयाला वेगळा तास द्या. उन्हाळी शिबिरात करणार असाल तर हुकूम वाचताना कूलर बंद ठेवा. त्या घरघरीत साध्या सुरातलं बोलणं तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही, आणि मग मुलं ओरडायला लागतात.