गाळातला कार्बन-१३ चा आकडा जड येत होता: माझा अनुभव

गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाचा गाळ. सागरी सेंद्रिय कार्बनचा डेल्टा-१३ (जड कार्बन-१३ चं हलक्या कार्बन-१२ शी प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा हजारात किती कमी-जास्त, तो आकडा) उणे २० ते उणे २२ ‰च्या आसपास अपेक्षित. माझा येत होता उणे १३, आणि तोच नमुना पुन्हा लावला की उणे १६. प्रमाणित नमुने मात्र चोख, म्हणजे हे प्रमाण मोजणारं यंत्र (मास स्पेक्ट्रोमीटर) निर्दोष.

भिंगाखाली शिंपल्यांचा बारीक चुरा दिसला. त्या कार्बोनेटचा डेल्टा शून्याजवळ असतो. चिमूटभर उरलं तरी आकडा वर ओढतं. सौम्य आम्लाने धुतलं, तर धुवणाबरोबर विरघळणारं सेंद्रियही गेलं आणि सोबत मोजायचा नायट्रोजनही घटला. टिनच्या कॅप्सूलमध्येच आम्ल टाकलं, तर टिनच खाल्लं गेलं. दोन आठवडे असेच वाया.

जमलं ते असं. वाळवून कुटलेला ३० मिलिग्रॅम गाळ चांदीच्या कॅप्सूलमध्ये घेतला. त्यावर ५० मायक्रोलिटर शुद्ध पाणी. कोरड्या गाळात आम्लाची वाफ नीट मुरत नाही, हे मी आधी विसरायचो. डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाच्या काचपात्रात) तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचं उघडं बीकर ठेवून, कार्बोनेट काढायला आठ तास वाफ दिली, अर्थात फ्यूमहूडमध्येच (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). मग ६० अंशांवर रात्रभर सुकवलं. आम्लाने चांदी ठिसूळ होते, म्हणून ती टिनच्या कॅप्सूलमध्ये गुंडाळून यंत्रात सोडली.

नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचं जड रूप) मोजण्यासाठी वेगळा, आम्ल न लावलेला भाग टिनमध्ये. एकाच कॅप्सूलमधून दोन्ही काढायचा मोह टाळा.

आता कार्बन उणे २०.८, दुसऱ्यांदा उणे २०.९.