एकाच छत्रीत सी आणि केयू

टीव्हीच्या सहा फुटी डिश छत्रीवर सी-बँड (लांब लहरींवर येणारे चॅनल) चालू आहे आणि आता फ्री डिशही (दूरदर्शनची फुकट सेवा, ती आखूड लहरींच्या केयू-बँडवर येते) पाहिजे, असं गिऱ्हाईक बोललं की आमच्या धंद्यातले पोट्टे लगेच दुसरी दोन फुटी छत्री त्याच्या गळ्यात मारतात. काही गरज नसते. त्याच छत्रीवर शेजारी दुसरा एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरचा लहरी पकडायचा डबा, बसतो. सीताबर्डीपासून हिंगण्यापर्यंत असे किती जोड बसवले त्याचा हिशोब नाही. पण क्रम चुकला की अख्खी दुपार स्लॅबवर जाते, आणि नागपूरची मे महिन्यातली दुपार कशी असते ते काय सांगू राजेहो.

आधी छत्री तपासा. जाळीची असेल तर हा नाद सोडा. सी-बँडची लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, तिला जाळीची भोकं जाणवतही नाहीत. केयूची जेमतेम पावणेतीन, ती भोकांतून गळते. पत्र्याची असेल तरी आतून तळवा फिरवून पाहा. ज्वारीच्या दाण्याएवढा खोल पोचा सी-बँड मुकाट सहन करतो, केयू नाही करत. मग दोन सुतळ्या घ्या, काठापासून काठापर्यंत एक उभी आणि एक आडवी, ताठ बांधा. मध्ये एकमेकींना नुसत्या टेकल्या तर ठीक. फट दिसली किंवा एक दुसरीला दाबत असली तर छत्री पिळलेली आहे. सुतळ्या तशाच ठेवून काठ हाताने दाबत सरळ करा. हे काम पाच मिनिटांचं असतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

मध्यभागी कोण बसणार? सी-बँडच. केयू नाजूक म्हणून त्याला मधली गादी द्यावीशी वाटते, पण हिशोब उलटा आहे. सी-बँडला सहा फूट म्हणजे काठावर पास. त्याला बाजूला सरकवलं तर नापास. फ्री डिश दोन फुटीवर चालते, त्यामुळे सहा फुटीत ती तिरकी बसवली तरी माल उरतो.

आता दिशा. सी-बँडसाठी आपला उपग्रह जीसॅट-३०. तो २०२० च्या जानेवारीत सुटला आणि ८३ अंश पूर्व रेखांशावर इन्सॅट-४ए च्या जागी बसला. नागपूरहून तो होकायंत्रावर १६९ अंशांवर, म्हणजे दक्षिणेपासून थोडा पूर्वेकडे, आणि क्षितिजापासून ६५ अंश उंच. होकायंत्र कूलरच्या लोखंडी स्टँडजवळ धरू नका, हमखास फसवतं. पाइप ओळंब्यात आहे का ते दोन बाजूंनी बघा. पाइप कलला असेल तर पुढचे सगळे आकडे बिनकामाचे.

सी-बँडच्या एलएनबीला साधारण १० अंश पीळ द्या (जागेवरच फिरवा), फाइंडर (सिग्नल मोजायचं यंत्र) लावा आणि आधी फक्त हीच बाजू पक्की करा. स्ट्रेंथकडे बघूच नका, ती वायर जोडली की चढते. क्वालिटी बघा. बोल्ट आवळताना क्वालिटी पडते, म्हणून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा. यानंतर छत्रीला हात लावायचा नाही. इथून पुढे फक्त केयूचा एलएनबी हलेल.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. नागपूरच्या आकाशात तो जीसॅट-३० पासून बारा अंश बाजूला, डावीकडे आणि थोडा खाली दिसतो. आणि इथेच नवखे चुकतात. छत्री आरशासारखी असते. उपग्रह डावीकडे, तर एलएनबी उजवीकडे. उपग्रह खाली, तर एलएनबी वर. छत्रीमागे उभं राहून दक्षिणेकडे तोंड करा आणि मधल्या एलएनबीच्या उजवीकडे, वितीपेक्षा थोडं कमी अंतर ठेवून, जरासा वर ब्रॅकेट लावा. तोंड छत्रीच्या मध्याकडेच राहू द्या. पीळ साधारण ३३ अंश. सेट टॉप बॉक्सवर फ्रिक्वेन्सी ११०९० व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाका आणि एलएनबी बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत जा. घाई नको. सी-बँडचा झोत तीन अंश रुंद, केयूचा अंशभर. हलवलं की चार सेकंद थांबा, बॉक्सला समजायला वेळ लागतो.

दोन्हींच्या वायरी डायसेक स्विचमध्ये (दोन एलएनबींतला हवा तो निवडणारा डबा), तिथून एकच वायर खाली. पोर्ट एकवर सी, एलएनबी सेटिंग ५१५०. पोर्ट दोनवर केयू, ९७५०-१०६००. झालं.

सी-बँडवर स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य दिसली तर छत्रीला दोष देऊ नका, आजूबाजूला मोबाइल टॉवर शोधा. २०२२ च्या लिलावात फाइव्ह-जीसाठी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ गेले, आणि सी-बँडचा टीव्ही ३७०० पासून सुरू होतो. जुने एलएनबी ३४०० पासून ऐकतात, त्यामुळे शेजारच्या टॉवरने त्यांचे कान बसतात. ३७०० ते ४२०० चा फिल्टरवाला एलएनबी लावा.

मानेवाड्याच्या एका घरी मी हे सगळं बरोबर करूनही दीड तास केयू मिळेना. स्विच बदलला, कनेक्टर दोनदा कापले, वायर बदलली. शेवटी एलएनबी उतरवून पाहिला. उन्हाने त्याच्या तोंडावरची टोपी तडकली होती आणि आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढं. काडीने कोरून काढलं आणि चित्र आलं. काका खालून ओरडले, "भाऊ, एवढंच होतं तं दीड तास काऊन लावला बे?" तेव्हापासून वर चढलो की पहिल्यांदा एलएनबीच्या तोंडात डोकावतो.

कनेक्टरवर रबराची टोपी असली तरी वरून टेप गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी ओघळून जातं. वायरीला एलएनबीखाली एक वळसा ठेवा. मोठ्या पावसात फ्री डिश जाणारच, कारण केयूची लहर आणि पावसाचे थेंब यांचं जमत नाही. सी-बँड तेव्हाही चालू राहतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर जुलैमध्ये फोनवर फोन येतात.

आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, तसंच ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुपारी बाराच्या सुमारास सी-बँड काही मिनिटं गेला तर पाना उचलू नका. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. फ्री डिश त्याआधी पाऊण तास तशीच जाते. त्या वेळी वर जाऊन बघा. मधल्या एलएनबीची सावली छत्रीच्या बरोबर मध्यात पडली असेल तर तुमचं काम चोख आहे. नसेल, तर सावली कुठे सरकली आहे ते खडूने खुणावून ठेवा आणि ऊन उतरल्यावर पाना घेऊन या.