टाचा पाहिल्यास का?

बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर मी पुण्यात वृद्धांच्या निवासी केंद्रांची पाहणी करणाऱ्या टीममध्ये लागले. पहिल्याच केंद्राला मी 50 पैकी 47 गुण देऊन आले. फरशी चकाचक, रजिस्टरं अगदी आजपर्यंत भरलेली, आठवड्याच्या जेवणाचा तक्ता भिंतीवर. आमच्या सीनिअर मॅडमनी फॉर्म वाचला आणि एवढंच विचारलं, "टाचा पाहिल्यास का कुणाच्या?" नव्हत्या पाहिल्या. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी पुढे जे लिहितेय, ते त्या प्रश्नानंतर शिकलेलं आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. बाळंतपण, अपेंडिक्स वगैरे. त्यांच्या नोंदणीचा कायदा 1949 चा. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा राहतात त्या जागेच्या पाटीवर मात्र वृद्धाश्रम, केअर सेंटर, शुश्रूषा केंद्र असं काहीही असू शकतं. पाटीवरून आत नर्स आहे की नाही हे कळत नाही. म्हणून नोंदणी कशाखाली आहे आणि रात्रपाळीला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली सिस्टर असते का, हे दोन प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारून टाका.

सेवेचा दर्जा कसा तपासायचा याची डोनाबेडियनची 1966 मधली मांडणी आपण सगळ्यांनीच परीक्षेपुरती पाठ केलेली असते: रचना, प्रक्रिया, परिणाम. रचना डोळ्यांना दिसते, म्हणून नवखा माणूस तिथेच अडकतो. बेड मोजतो, रेलिंग मोजतो. प्रक्रिया कागदावर असते आणि कागद खोटं बोलू शकतो. परिणाम माणसाच्या अंगावर असतो.

एका केंद्रात दुपारी साडेतीनला मी पोझिशन चार्ट उघडला. पक्षाघात झालेल्या आजी, दर 2 तासांनी कूस बदलायची. 2 वाजता डावी, 4 वाजता उजवी, 6 वाजता पाठ. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच तिरक्या अक्षरात. चार वाजायला अजून अर्धा तास होता! मावशींच्या मदतीने पांघरूण बाजूला केलं. कमरेखाली माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबून सोडला, तरी लालच. दाबल्यावर फिकट होऊन पुन्हा लाल झाला असता तर एवढी काळजी नव्हती. फिकटच होत नाही तेव्हा ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतंय का ते बघा. माकडहाड, टाचा, कंबरेची बाजू, कानाची पाळ, या जागा एकही सोडू नका.

आजींच्या खाली एअर बेड होता बरं का. पंप बंद. सॉकेटवर कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. माझ्या जुन्या फॉर्ममध्ये "एअर बेड: आहे" असं लिहून मी पुढे गेले असते. आता पंपावर हात ठेवून थरथर लागते का बघते, आणि त्याचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावलंय का तेही.

बेडसोरचा धोका मोजायला ब्रॅडन स्केल वापरा, पण गुणांची दिशा विसरू नका. 6 घटक, एकूण 6 ते 23 गुण, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त; 18 किंवा त्याखाली आलं की सावध. मी पहिल्या महिन्यात दोनदा उलटं वाचलंय.

बाकी गोष्टी पटापट सांगते. महिन्याची वजनं मागा. प्रयत्न न करता महिन्यात 5 टक्के घट झाली असेल तर ताटात काय उरतं ते विचारा. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) असलेल्यांचं तोंड उघडून बघा. ते तोंडाने जेवत नाहीत म्हणून तोंड स्वच्छ करायचंही राहून जातं. मनगटावर पट्टीचे वळ दिसले तर हात का बांधले होते आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे लिहून घ्या. फिनेलचा वास फार आला तर मला उलट शंका येते. भेटीच्या वेळेत जाऊ नका. दुपारी जेवणं आटोपल्यावर किंवा रात्री नऊनंतर जा.

मावशींशी नीट वागा. साहेबी थाटात "किती पेशंट बघता?" विचारलंत तर ऑफिसात ठरलेला आकडा मिळेल. त्यांच्याबरोबर चादर बदलायला हात लावलात तर त्या आपणहून बोलतात. एकीने मला गादीखाली चादर खोचता खोचता सांगितलं, "दिवसा सहा, रात्री चौदा. कूस कुणाकुणाची बदलू, ताई?" खोटा चार्ट दिसला की आपण भरणारीवर चिडतो, पण रिपोर्टात तो चौदाचा आकडा आधी लिहा.

आणि आजी-आजोबांना "इथे कसं वाटतं?" असं कधीच विचारू नका. "छान आहे हो सगळं" हेच उत्तर येणार. तुम्ही संध्याकाळी घरी जाणार, त्यांना तिथेच राहायचंय. एकच रात्र धरून विचारा. मी त्या आजींशेजारी स्टूल ओढून बसले, म्हटलं, "काल रात्री तहान लागली होती का? मग काय केलंत?"

त्यांनी चांगल्या हाताने पदर सारखा केला. "संध्याकाळपासून मी पाणी पीतच नाही गं. प्यायलं की मग पुन्हा त्यांना उठवायला लागतं."