पहिली मांजर टेबलावर येण्याआधी

शिकाऊ डॉक्टरांना कुत्र्या-मांजरांची स्वस्तातली नसबंदी शिकवायची म्हटलं की कात्री सगळ्यात आधी वेदनाशामकांवर चालते. वेदनाशामकांची यादी तशीच राहू द्या. पैसा वाचतो तो छोट्या छेदात, कमी वेळात आणि धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या कापडी ड्रेपमध्ये, म्हणजे छेदाभोवती अंथरायच्या निर्जंतुक कापडात.

आधी हत्यारं मोजा. दिवसाला 20 शस्त्रक्रिया ठरल्या असतील तर 20 निर्जंतुक संच हवेत, नाहीतर मधे ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) लावायला वेळ ठेवा. एकच संच स्पिरिटात बुडवून पुढच्या जनावराला वापरणं, हे शिकाऊ डॉक्टरांनी पाहूसुद्धा नये. गाठोड्यावरच्या सूचक टेपवर काळे पट्टे उमटले म्हणून हत्यारांचं गाठोडं आतून निर्जंतुक झालं असं होत नाही, म्हणून आतही सूचक पट्टी घाला.

वजनकाटा आदल्या दिवशी तपासा. अंदाजाने भूल देणं नको. अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिन आणि भूल उतरवणारं औषध या आणीबाणीच्या औषधांचे वजनानुसार डोस मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. घाईत कुणालाच गुणाकार जमत नाही. पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवू नका, साखर उतरते. दोन ते चार तास पुरतात.

शिकणाऱ्यांनी गाठी आधी दोरीवर घटवून याव्यात. क्रम बोका, कुत्रा, मग मांजर आणि शेवटी कुत्री असा ठेवा. माजावर आलेली लठ्ठ कुत्री पहिल्या दिवशी कुणाच्याही वाट्याला देऊ नका. तिथे चरबीत अंडाशयाचा देठ (त्याला धरून ठेवणारा, रक्तवाहिन्या असलेला भाग) दिसत नाही आणि रक्तस्राव जास्त होतो. मांजरीत अंडाशयाच्या देठाचीच गाठ मारता येते, दोराही वाचतो. पण ही सवय कुत्रीवर नेऊ देऊ नका, तिथे दोऱ्याचाच बांध हवा. शिकवणाऱ्याने हात धुऊन, ग्लोव्हज घालूनच शेजारी उभं राहावं. निसटलेला देठ लांबून सूचना देऊन सापडत नाही. पोट बंद करण्याआधी गॉज मोजायचं काम एकाच माणसाकडे द्या.

सगळे शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गर्दी करतात आणि शुद्धीवर येणारी जनावरं एका कोपऱ्यात पडून असतात. भुलीतल्या मृत्यूंचा मोठा वाटा शस्त्रक्रिया संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतला असतो. तिथे थर्मामीटर, घोंगड्या आणि दुसरं काहीही काम नसलेला एक माणूस हवा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळूनच ठेवा, बेशुद्ध जनावर भाजलं तरी हलत नाही.

नसबंदी झाल्याची खूण म्हणून टाक्याजवळ करायच्या हिरव्या गोंदणाची शाई मात्र टेबलावरच ठेवा. कपाटात राहिली की गोंदणही राहून जातं आणि तीच मांजर दोन वर्षांनी पुन्हा उघडली जाते.