रस्त्यांची जोडणी मोजताय? मग या चुका टाळा

मार्च लागला की प्रोजेक्टवाली पोरं लॅपटॉप घेऊन दारात हजर. "सर, शहर किती पसरलंय ते काढलं. एकच आकडा आला." माझा प्रश्न ठरलेला असतो: रस्ता पुढे संपतो अशा किती बंद टोकांपाशी तू जाऊन उभा राहिलास? उत्तरही ठरलेलं. पोरगं पंख्याकडे बघायला लागतं.

मुद्दा नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. शहर पसरलं म्हणजे नुसते एकर वाढले असं नाही, रस्ते एकमेकांना किती भेटतात हे बघायचं. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खान्देशाचं मुख्य ठाणं केलं. जुन्या धुळ्यात आजही नंबरांच्या गल्ल्या शेजारीशेजारी धावतात आणि आडवे रस्ते त्यांना सांधतात. एका गल्लीत लग्नाचा मांडव पडला तर माणूस मुकाट पुढच्या गल्लीतून जातो. आता शहराबाहेरच्या एखाद्या एन.ए. ले-आऊटमध्ये, म्हणजे शेत बिनशेती करून पाडलेल्या प्लॉटांमध्ये, मांडव पडू द्या. आत यायला रस्ता एकच, म्हणून निम्मी कॉलनी वरात संपेपर्यंत घरात.

हा फरक आकड्यात पकडायला चौकाला किती फाटे आहेत, किती रस्ते पुढे बंद होतात, सरळ रेषेतल्या अंतराच्या कितीपट फिरून जावं लागतं, अशी मापं घेतात. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोघांनी अशी मापं एकत्र करून एक निर्देशांक बनवला आणि 2020 साली ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशाच्या आधारे जगभराचे रस्ते तपासले. 1975 नंतरचे नवे रस्ते जगात बऱ्याच ठिकाणी जास्त तुटक होत गेलेत, असं त्यांना दिसलं. अमेरिकेत मात्र ही तुटकता 1994 च्या सुमारास टोकाला जाऊन मग कमी होऊ लागली. घर पाडून नवं बांधता येतं, पण रस्त्याची रेघ एकदा पडली की पिढ्यान्पिढ्या हलत नाही. म्हणून हे मोजायचं, आणि म्हणूनच नीट मोजायचं.

सगळा खेळ बंद टोकांवर आहे. बंद टोकाला जन्म देणारे तिघे: ले-आऊट पाडणारा, नकाशा काढणारा आणि नकाशावर कात्री चालवणारे तुम्ही. कुठलं टोक कोणाचं, हे ओळखल्याशिवाय पुढे गेलात तर आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा.

स्नॅप मारून रस्ते जोडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर.

काही वर्षांपूर्वी एक हुशार पोरगा जळगावच्या कडेच्या कॉलन्यांवर काम करत होता. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषांची टोकं एकमेकांना टेकत नव्हती, ही अडचण खरीच होती. हाताने काढलेल्या नकाशात अर्धा-एक मीटर फट राहतेच. पण याने एकेक बघत बसण्याऐवजी स्नॅपची, म्हणजे जवळची टोकं आपोआप चिकटवायची, मर्यादा ठेवली 20 मीटर आणि बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिवाळी. "सर, निम्म्याहून जास्त डेड एंड एका क्लिकमध्ये गेले!"

गेले कुठे? आपल्याकडे शेत बिनशेती होतं ते गटागटाने. एका गटात एकाचं ले-आऊट, शेजारच्या गटात दुसऱ्याचं. प्रत्येक जण नऊ मीटरचे रस्ते आपल्या हद्दीपर्यंत आणतो आणि हद्दीवर कंपाउंड घालतो. त्यामुळे दोन कॉलन्यांचे रस्ते भिंतीच्या दोन बाजूंना समोरासमोर येऊन थांबतात, बोलणं बंद असलेल्या भावकीसारखे. मधलं अंतर दहा-बारा मीटर. म्हणजे 20 मीटरच्या स्नॅपने अचूक तेच रस्ते जोडले, जे तुटलेत हे त्याला दाखवायचं होतं. शहराचा रोग पुसून टाकून तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला दिला.

मी म्हटलं, चल, स्कूटर काढ. पहिल्याच जोडलेल्या जागी पोचलो. समोर भिंत, तिच्यापलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडे ज्या घराचा पत्ता शोधत होतो ते घर. बाजेवर बसलेले एक बाबा म्हणाले, "आठेन रस्ता नही शे भाऊ, तठेन जा," आणि हात केला हायवेकडे. समोर दिसणाऱ्या दारापर्यंत पोचायला स्कूटरच्या काट्यावर पावणेदोन किलोमीटर पडले. शाळेची पोरं मात्र भिंतीच्या खिंडारातून दप्तरं टाकून पलीकडे जात होती.

तेव्हापासून माझी सवय अशी: स्नॅप एक मीटरच्या वर नेत नाही. त्याहून मोठी फट दिसली की खाली उपग्रहाचं चित्र लावतो, तरी कळलं नाही तर जाऊन बघतो. खिंडार दिसलं तर त्याची नोंद पायवाट म्हणून वेगळी, रस्ता म्हणून नाही. वेळ लागतो, हो. ज्याला घाई आहे त्याने दुसरा विषय घ्यावा, विषयांना काय तोटा आहे?

हद्दीवर कात्री

ही चूक मी स्वतः केलीय, त्यामुळे आवाज थोडा खाली घेऊन सांगतो. धुळ्याचा जुना भाग मोजायचा म्हणून पांझरेच्या काठाने रेघ मारली आणि नकाशा तिथे कापला. नदीवरचा एकेक पूल माझ्या हिशेबात बंद रस्ता झाला! पलीकडच्या देवपुराकडे रोज सकाळी अर्धं गाव जातं-येतं, आणि माझ्या तक्त्यात पुलावर चढलेला माणूस तिथेच अडकलेला. महापालिकेच्या हद्दीवर कापलं तरी तेच होतं. शहराबाहेर जाणारा रस्ता कात्रीच्या जागी मरतो.

उपाय सोपा आहे. हद्दीबाहेर निदान अर्धा किलोमीटर जास्त नकाशा घ्या, प्रत्येक चौकाचे फाटे त्या मोठ्या नकाशावर मोजा आणि मगच हद्दीबाहेरचं काढून टाका. ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते उतरवून मोजणारं ओएसएमएनएक्स वापरत असाल तर ते हद्द देऊन नकाशा उतरवताना हे आपणहून करतं. मग त्याने मोजून ठेवलेले फाटे सोडून कापलेल्या नकाशावर पुन्हा का मोजता, हे कोडं मला सुटलेलं नाही.

बाकीच्या, भरभर

वळणावरचे बिंदू चौक म्हणून मोजू नका. वळणदार रस्ता काढायला वीस बिंदू लागतात, म्हणून तिथे वीस चौक होत नाहीत.

अंशात अंतर मोजू नका. आपल्या 21 अक्षांशाच्या आसपास एक अंश उत्तर-दक्षिण भरतो सुमारे 111 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 104. नंदुरबार, धुळे, जळगाव तिन्ही यूटीएमच्या, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या, 43 उत्तर पट्ट्यात येतात. तो लावा आणि विषय संपवा.

दुभाजकाचा हायवे नकाशावर दोन रेषांचा असतो, त्यामुळे एका चौफुलीचे दोन चौक होतात, आडवा रस्ताही दुभाजकाचा असेल तर चार. ते एकत्र करा. उलट, पुलाखालून गेलेला रस्ता नकाशावर पुलाला छेदतो म्हणून तिथे चौक मानू नका. भुसावळसारख्या रेल्वेने चिरलेल्या गावात हे विसरलात की खेळ खलास.

फक्त मोटारीचे रस्ते उतरवले तर जुन्या गावठाणातले बोळ गायब होतात आणि पारोळ्या-एरंडोलची जुनी वस्ती नव्या प्लॉटांपेक्षा तुटक दिसते. जिथे मोटारसायकल जाते आणि माणूस जातो, तो रस्ता मोजायचा की नाही हे आधी ठरवा, आणि ठरवलेलं लिहून ठेवा. मी दोन्ही मोजतो, वेगवेगळे.

डी.पी. रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, कागदावर आहे म्हणून मोजू नका. मंजूर आराखड्यातला अठरा मीटरचा रस्ता मी बघायला गेलो, तर तिथे केळीचा मळा होता, आणि घडही चांगले लागले होते.

नकाशा रिकामा असेल तर शहर तिथे रिकामं आहे असं धरू नका. नवी ले-आऊटं ओपनस्ट्रीटमॅपवर अनेकदा नसतातच. आपण काढा, चढवा, पुढच्याचंही काम होईल.

दुव्यांची (दोन बिंदूंमधल्या रस्त्याच्या तुकड्यांची) संख्या भागिले चौक, हे माप पोरांना आवडतं, कारण भागाकार एकच. चौकटीच्या मोठ्या जाळ्यात ते 2 च्या जवळ जातं, झाडाच्या फांद्यांसारख्या रस्त्यांत 1 च्या खाली येतं. पण त्या भागाकारात बंद टोकंसुद्धा बिंदू म्हणून धरायची असतात. ती गाळलीत तर प्रत्येक कॉलनी छान दिसते. आणि अख्ख्या शहराचा एकच आकडा काढूच नका. जुनी पेठ आणि हायवेपलीकडचे प्लॉट एकत्र घोटले तर जे निघतं ते दोघांचंही नसतं.

एका वॉर्डाची टोकं पायी तपासायला मला दोन सकाळी लागतात. जळगावला जाणार असाल तर दहाच्या आत आटपा, आणि मे महिन्यात जाऊच नका.